सहेलीची तिसरी तार

पोखर्णी,
४ मार्च २०२५

ओमभाऊ,

वाकून नमस्कार केला असं समजा. वाकल्यावर तुम्ही नेहमीसारखी डोक्यात टपली मारलीत, असं मीही समजते.

दोन-तीनदा फोन लावला, प्रत्येक वेळी माधवीवहिनींनी उचलला. म्हणाल्या, "फोनवर त्यांला काईच समजत न्हाई, तुमी आपलं पत्रच लिवा." सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात टर्बाइनशेजारी गेली, तेव्हा कान थोडे गेले असणार हे मी धरूनच होते. पण फोनही नको, इतकं झालंय का? खरं काय ते लिहा. मावसबहिणीला गोड गोड लिहायची गरज नाही.

काम असं आहे. आमच्या महिला भजनी मंडळात गीताबाई आहेत, माझ्या चुलत सासूबाई. मंडळ त्यांनीच काढलं. आवाज अजूनही असा, की देवळात गायल्या तर पारावरच्या माणसाची बिडी विझावी. पण त्यांना आता नीट ऐकू येत नाही. पेटी एका सुरात आणि गीताबाई तिसऱ्याच. नृसिंह जयंतीला सगळा गाव देवळात असतो, तेव्हा हसं नको म्हणून मंडळाने ठरवलं, की त्यांनी टाळ धरायचा आणि नुसते ओठ हलवायचे. हे सांगायचं काम माझ्याच गळ्यात आलं. समोर बसून हळू सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग देवापुढं भावलीच बसवा की. मी कशाला?" त्यानंतर त्या जेवल्या नाहीत. मलाही घास गेला नाही.

म्हणून मी मंडळाला म्हटलं, गीताबाईंच्या अगदी कानाशी गिटार घेऊन मी बसते. सूर जवळून मिळाला तर त्या भटकणार नाहीत. बायका हसल्या, पण जयंतीपर्यंत मुदत दिली.

आता गिटार म्हणजे आपली सहेलीच. आठवतं का? उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या कॉलनीत आले होते, तुमची बघितली आणि मला हुबेहूब तशीच पाहिजे म्हणून परभणीच्या दुकानात ठाण मांडलं होतं. तांबूस रंग, काळी कड. सहेली मॉडेल, दुकानातलं सगळ्यात स्वस्त. माझी आता अंगणवाडीत असते. पोरं तिच्यावर थापा मारतात. एकाने भोकातून आत चिंचोका टाकला, तो इतकी वर्षं आत खुळखुळतोय. तिसरी तार अजूनही एक गाणं संपेस्तोवर उतरते. तुमचीही उतरते का? मला वाटतं, सगळ्या सहेल्यांची तीच खोड असावी.

अडचण अशी, की मंडळ पेटीच्या काळी चार पट्टीत गातं आणि सहेली त्या सुराला येत नाही. काय करू? लवकर कळवा.

तुमची,
राजेश्री

—

येलदरी,
११ मार्च २०२५

चि. राजेश्री,

टपली पोचली असेलच.

कानांचं विशेष काही नाही. मशीन बंद झालं की शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून कळायचं, ती सवय अजून उपयोगी पडते. फोनला ओठ नसतात, एवढीच अडचण. माधवीला सगळंच मोठं करून सांगायची हौस आहे.

आता कामाचं. तारा पिळून सहेली चढवायची नाही. हे वाक्य दोनदा वाच. आहे तशीच लाव आणि मानेवरच्या चौथ्या घरावर सगळ्या तारा दाबून राहतील असा चिमटा बसव. विकत आणायची गरज नाही. एक पेन्सिल आडवी ठेव आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मानेमागून घट्ट बांध. मग तू नेहमीची बोटं ठेवलीस तरी सूर काळी चारचाच निघेल.

तिसरी तार माझीही उतरते. आमच्या साहेबांनी एकदा बाहेरची भारी गिटार आणली होती, तिच्या तारा महिनाभर हलायच्या नाहीत. मला ती वाजवताना कोणाच्या तरी घरी पाहुणा गेल्यासारखं वाटायचं. सहेलीचं तसं नाही. ती मधेच थांबवते, कान पिळून घेते आणि पुन्हा बोलायला लागते. आपल्या घरचं माणूस असंच असतं.

गीताबाईंना ओठ हलवायला लावू नका. माणसाला ऐकू येत नसलं तरी आपण गात नाही आहोत हे त्याला कळतं.

ओमप्रकाश

—

पोखर्णी,
१७ मार्च २०२५

ओमभाऊ,

तुमचं पत्र आज आलं. दोनदा वाचलं, पण वाचून आता उपयोग नाही.

मला धीर धरवला नाही. पखवाजवाला पेटीला मिळेपर्यंत पखवाज चढवतो ना, तशी मीही सहेली चढवत गेले. खुंट्या पिळत गेले. बारकी तार तुटली, तिथे नवी घातली आणि तीही पिळली. शेवटी काळी चार मिळाली. गीताबाईंना आनंदाने हाक मारली आणि तशीच चढवलेली गिटार उन्हाच्या भिंतीला टेकवून स्वयंपाकाला गेले. दुपारी भांडं पडावं तसा आवाज आला. येऊन बघते तर खालची घोडी, जिला तारा बांधतात ती, उखडून वर आलेली आणि तिच्याखालचं लाकूड फुगलेलं. भाऊ, मी अंगणवाडीच्या पोरांसारखी रडले.

रामहरी घरी होते. त्यांचं नेहमीचं, "लाकडाचं हाय, मोडलं तर मोडलं. रडायलीस काय? दुसरं घिऊ." नवऱ्याने समजूत घातली की जास्तच राग येतो. परभणीला दुकानात नेली. मालकाचा मुलगा आता बसतो तिथे. त्याने हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "हे मॉडेल बंद पडलं ताई. ह्याला कोण दुरुस्त करतं? टाकून द्या." मेलेलं जनावर असल्यासारखं बोलला. मी ती उचलली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणली.

जयंती ११ मे ला आहे. गीताबाईंना मी शब्द देऊन बसले आहे. त्या रोज संध्याकाळी येतात, उंबऱ्यावर बसतात आणि विचारतात, "झालं का गं तुझं खोकं नीट?" तुम्ही त्या कॉलनीत रेडिओपासून पंख्यापर्यंत सगळं दुरुस्त करायचात. ही होईल का?

राजेश्री

—

येलदरी,
२४ मार्च २०२५

चि. राजेश्री,

रडून झालं असेल तर तारा सगळ्या ढिल्या कर, गोधडीत गुंडाळ आणि रामहरींबरोबर पाठव. त्यांना म्हणावं परत जाताना इथली धरणाची मासळी घेऊन जा, म्हणजे चक्कर वाया गेली असं वाटणार नाही. एसटीत वरच्या कप्प्यात ठेवू देऊ नकोस.

पखवाज कातड्याचा असतो, त्याला ताण सोसतो. सहेलीचं पोट पातळ फळीचं. पण तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझं पत्र टपालात बसलं होतं. तेव्हा दोष टपालाचा धरू.

सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवतो. घोडी चिकटायला वेळ द्यावा लागतो, घाई करायची नाही. जयंतीच्या आधी तुझ्या हातात गिटार असेल, हे मी लिहून देतो.

ओमप्रकाश

—

येलदरी,
१८ एप्रिल २०२५

चि. राजेश्री,

गिटार पाठवतो आहे. जिंतूरचा बन्सीधर आपला माणूस आहे, परभणीपर्यंत मांडीवर घेऊन येईल. पुढे रामहरींनी उतरवून घ्यावी.

घोडी बसली. तुझा साडीच्या काठाचा पट्टा तसाच आहे. आत चिंचोका होता, तो साफ करताना काढला. वरच्या कडेवरचं पॉलिश एका जागी निघालेलं दिसेल. सरस पुसताना झालं, मनाला लावून घेऊ नकोस. पेन्सिल आणि ट्यूब बांधूनच पाठवली आहे. तिसरी तार उतरेल. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

गीताबाईंना माझा नमस्कार सांग. ओठांनी समजेल असा सांग, हळू आणि समोर बसून.

ओमप्रकाश

—

पोखर्णी,
२४ एप्रिल २०२५

ओमभाऊ,

मिळाली. आवाज कसा मोकळा झालाय. किती वेळ तिला मांडीवर घेऊनच बसले होते. तुमचे उपकार म्हटलं तर तुम्ही चिडाल, म्हणून म्हणत नाही.

पेन्सिलीची युक्ती बघून मंडळातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. पेटी आणि सहेली एका सुरात येतात. फक्त गीताबाई येत नाहीत. त्यांच्या कानाशी वाजवते, मान हलवून ऐकल्यासारखं करतात आणि तोंड उघडलं की भलतीकडेच जातात. मग आमची तोंडं बघतात, त्यावरून त्यांना कळतं आणि त्या टाळ खाली ठेवतात. काल जाताना म्हणाल्या, "राजे, तू लय केलंस. आता ऱ्हाऊ दे." मंडळातल्या एकीने हळूच माझ्या कानात सांगितलं, की जयंतीला त्यांना घरीच बसवलेलं बरं. मला त्या बाईचा फार राग आला.

तुमचं बरं आहे ना? तुम्ही वाजवता का हल्ली?

राजेश्री

—

येलदरी,
३० एप्रिल २०२५

चि. राजेश्री,

माझं बरं आहे. हल्ली मी फारसं वाजवत नाही. संध्याकाळी धरणाच्या कडेला जाऊन पाणी बघत बसतो. या वयात तेवढं पुरतं.

गीताबाईंना घरी बसवू नका. अजून दिवस आहेत.

ओमप्रकाश

—

पोखर्णी,
१३ मे २०२५

ओमभाऊ,

आज नमस्कार नाही. मी तुमच्यावर रागावले आहे, आणि रागाने जे लिहीन ते सगळं वाचायचं.

आधी जयंतीचं सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

जयंतीच्या आधी शेवटची तालीम होती. गीताबाई यायलाच तयार नव्हत्या, मी हाताला धरून आणलं. माझ्या उजव्या अंगाला बसवलं. मी वाजवत होते. त्या थकल्या होत्या, बसल्या बसल्या कलंडल्या आणि त्यांची हनुवटी सहेलीच्या वरच्या कडेवर टेकली. मी हात थांबवणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबू नगं. वाजीव." मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "आलं की गं. हाडातनं ऐकू यायलंय." आणि तशाच, हनुवटी टेकवून, गायला लागल्या. काळी चार, ओमभाऊ. पेटीवालीचे हात थांबले. ज्या बाईने त्यांना घरी बसवा म्हटलं होतं, ती पदराने डोळे पुसत होती.

जयंतीला देवळात त्या तशाच गायल्या. माझ्या अंगावर रेलून, गिटारला गाल लावून. पुढच्या पोरी आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांचा आवाज सभामंडपातून पार रस्त्यापर्यंत गेला. रामहरी बाहेर चपला सांभाळत उभे होते. आत येऊन बसले आणि उठलेच नाहीत.

आता रागाचं. जयंतीचं भजन संपल्यावर गीताबाईंनी त्या कडेवरून हात फिरवला. पॉलिश गेलेली ती जागा, गुळगुळीत, जरा खोलगट. मला म्हणाल्या, "हितं तर हनुवटी टेकायची जागाच केलेली हाय. कुनाची हाय ही?"

ही माझी नाही, हे मला गोधडी सोडली तेव्हाच कळलं होतं. पट्टा माझा होता, रंग तोच, कड तीच. पण मानेमागे जिथे माझा अंगठा बसतो तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी अंगठा बसलेला होता, बोटभर खाली. इतकी वर्षं हातात असलेल्या वस्तूच्या बाबतीत अंगठ्याला फसवता येत नाही. तुम्ही तुमची सहेली मला दिलीत हे समजूनच मी गप्प बसले. वाटलं, भाऊ हल्ली वाजवत नाहीत, पडूनच असेल, बहिणीला दिली. गीताबाईंसाठी मला ती हवी होती, म्हणून मीही जास्त विचारलं नाही.

पण सरस पुसून लाकूड असं झिजत नाही. ते रोज, वर्षानुवर्षं हनुवटी टेकवूनच झिजतं. गीताबाईंनी विचारलं तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. घरी आल्याबरोबर वहिनींना फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "डॉक्टरनं मशीन दिलं कानाला, तर काढून ठिवलं, नुसती खरखर म्हनले. फकस्त गिटारीला हनुवटी लावली की ऐकू येतं त्यांला. रोज सांजच्याला बसायचे. आता तुमची फुटकी घिऊन बसायलेत." फुटकी म्हणाल्या, भाऊ. माझी जुळलीच नव्हती ना?

तुम्हाला या जगातलं जे एक धड ऐकू येत होतं, ते गोधडीत गुंडाळून तुम्ही माझ्याकडे पाठवलंत, आणि वर लिहिलंत की पाणी बघतो, पुरतं. पाण्याचा आवाज तरी येतो का तुम्हाला? मी तुमच्या जवळची. मला एका ओळीने सांगता आलं नसतं?

गीताबाईंना सगळं सांगितलं, समोर बसून, हळू. त्या म्हणाल्या, "उद्याच्या उद्या दिऊन ये. दुसऱ्याचं ऐकनं घिऊन मी कशी गाऊ?" येत्या रविवारी तुमची सहेली घेऊन येते. हे पत्र आधी पोचतं की मी, माहीत नाही. माझी तयार ठेवा. जशी असेल तशी, आणि चिंचोका फेकला नसेल तर तोही.

राजेश्री

—

येलदरी,
२१ मे २०२५

चि. राजेश्री,

तुझं पत्र तू परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी आलं. त्यामुळे राग आधी तोंडी ऐकला आणि मग लेखी. तोंडी म्हणजे बघितला. तू भांडताना तोंड फार भरभर हलवतेस, अर्धं समजलं नाही. पत्रामुळे उरलेलं समजलं.

समोर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. घोडी चिकटली होती. पण शिकंजा आवळताना पोटाला लांब चीर गेली. फुगलेलं लाकूड आधीच कमजोर झालं होतं की माझा हात जड पडला, सांगता येणार नाही. तुझा कागद समोर होता, गीताबाई उंबऱ्यावर बसून विचारतात असं लिहिलेला. चिरेची बातमी तुला कशी लिहायची ते सुचेना. भिंतीवर माझी टांगलेली होती, तिच्यासारखीच दिसणारी. एका मॉडेलच्या दोन, कोणाला कळणार, असा हिशेब केला. मशीनवर काम केलेल्या माणसाचा हिशेब. एका नंबरचा पार्ट काढायचा, त्याच नंबरचा लावायचा. सहेलीच्या बाबतीत तो चुकला. मलाही ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. तुझी मांडीवर घेतली तर माझा अंगठा तुझ्या अंगठ्याच्या जागेवर बसेना.

तिच्यातून ऐकू यायचं. चिरेमुळे कोणी गव्हाच्या पोत्यावर चालल्यासारखी खरखर यायची, पण त्या खरखरीमागे सूर असायचा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या देवळात ती माझी गिटार वाजते आहे या विचाराने बरंही वाटायचं.

तू विचारलंस, पाण्याचा आवाज येतो का. नाही येत.

तुझी चिरलेली गिटार तू लेकराला घ्यावं तशी उचललीस, भोकातून चिंचोका आत टाकलास, हलवून बघितलास आणि मग हसलीस. माधवीला मी म्हणालो, हिला नवी घेऊन दिली असती तरी ही रडलीच असती. चौथ्या घरावर चिमटा लावून वाजव, चीर वाढणार नाही. गीताबाईंना खरखर सोसेल. काही दिवसांनी ती ऐकूच येत नाही, हे माझ्यावरून सांगतो. त्यांना म्हणावं, कडेवर जागा आपली आपण पाडायची असते. रोज बसलं की पडते.

आता शेवटचं. निघायच्या आधी तू मला खाली बसवलंस, माझी सहेली तू मांडीवर घेतलीस आणि गीताबाई टेकतात तशी माझी हनुवटी टेकवायला लावलीस. इतकी वर्षं मी फक्त माझंच वाजवलेलं ऐकत होतो. दुसऱ्या कोणी वाजवलेलं मी कधी ऐकलं, ते आठवतही नाही. बहुतेक तेव्हाच्याच त्या उन्हाळ्यात, तूच. तू वाजवायला लागलीस तेव्हा मी डोळे मिटले ते धूळ गेली म्हणून नव्हते. माधवीला तसं सांगितलंय, तू काही वेगळं सांगू नकोस.

सगळं ऐकू आलं. तू दुसऱ्या कडव्याला घाई करतेस, ती अजून तशीच आहे. आणि तिसरी तार उतरलेली होती. तेव्हा बोललो नाही, तू थांबली असतीस.

ओमभाऊ